दुसऱ्याच्या लग्नातला कोट

अन्याय झाला तो केरबा चौगुले यांच्यावर. राहणार कोडोली, काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर. कधी झाला? गेल्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, जेवणं आटोपून दुकानं पुन्हा हलायला लागतात त्या वेळेला. कुठे? शाहूपुरीत, मी नोकरी करते त्या फ्लेक्सच्या दुकानात. कोणी केला? सगळ्यांनी मिळून, आणि प्रेमानं.

पत्रक असतं तर इथेच खाली 'जाहीर निषेध' छापून मी मोकळी झाले असते. मला तीच सवय आहे. दिवसभर दुकानात डिझाइन करते आणि उरलेल्या वेळात शिरोलीतल्या कामगारांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकात जागा कमी असते, त्यामुळे माणसं लवकर आटपावी लागतात. एका बाजूला शोषक, दुसऱ्या बाजूला शोषित, खाली मोर्चाची वेळ. केरबामामा त्यात बसले नाहीत. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा, जरा रंजक असू द्या' म्हटल्यावर मी हो म्हणाले. रंजक आहे की नाही ते तुम्ही बघा.

आधी धंदा सांगते. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच्या कापडावर छापलेला तो मोठा बोर्ड, जो तुमच्या चौकात सिग्नल झाकून उभा असतो. वाढदिवस, निवड, परीक्षेतलं यश, श्रद्धांजली, सेवानिवृत्ती. माणसाच्या आयुष्यात चांगलं-वाईट काहीही झालं की आमच्याकडे काम येतं. गिऱ्हाईक फोटो पाठवतं तो बहुतेक कुठल्यातरी लग्नातला. खांद्यावर दुसऱ्याचा हात, मागे जेवणाच्या पंगती. त्यातून आम्ही मानेपासून वरचा भाग कापून घेतो. याला आमच्याकडे 'मुंडकं काढणं' म्हणतात. सकाळी दुकान उघडल्यावर मालकांचा पहिला प्रश्न असतो, "किती मुंडकी ऱ्हायलीत?" नवीन माणूस काउंटरवर असला तर दोन पावलं मागं सरतो.

मुंडकं निघालं की त्याला धड लागतं. पुरुषाला कोट, बाईला शालू. गिऱ्हाइकानं सांगावं लागत नाही, हे गृहीतच असतं. मग चेहरा उजळ करायचा. किती उजळ, ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर नसतं, ते त्याच्या मनातल्या भीतीवर असतं.

आमच्या दुकानात शालू बरेच आहेत, कोट मात्र एकच चालतो. काळा, आणि डावीकडची कॉलर किंचित दुमडलेली. तो आमच्या मालकांचा आहे. मालक म्हणजे भूपालआण्णा, हुपरीकडचे जैन, तोंडानं फटकळ आणि हिशेबाला चोख. त्यांच्या लग्नात वरातीत कुणीतरी हार ओढला, कॉलर दुमडली, आणि तसाच फोटो निघाला. दुकान काढल्यावर आण्णांनी त्या फोटोतून स्वतःचं मुंडकं काढलं आणि कोट ठेवून घेतला. तेव्हापासून अर्ध्या जिल्ह्यानं आण्णांचा कोट घातलाय. नगरसेवकांनी घातला, सोसायटीच्या चेअरमननी घातला, मेलेल्या माणसांनी तर विचारू नका. मी कुणाच्या घरी गेले की भिंतीवरच्या फोटोची आधी डावी कॉलर बघते. आण्णांचं पोट सुटल्यापासून खरा कोट त्यांना होत नाही. बाकी सगळ्यांना होतो.

दोन गिऱ्हाइकं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पन्हाळ्याच्या पलीकडची एक बाई दिराबरोबर आली होती. नवरा वारलेला. आयुष्यभर दूध डेअरीवर कॅन चढवायचं काम केलेला माणूस. फोटो एकच, मतदानाच्या कार्डावरचा. मी फ्रेमचा फोटो करून दिला. बाईनं फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्यो आमचा न्हवं."

"वैनी, दादाच हाय की," दीर म्हणाला. "कोट घातलाय, म्हणून तसं वाटतंय."

बाईनं फोटोतल्या कोटावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "थंडी वाजत हुती व्हय त्यास्नी?"

तिनं फ्रेम पदरात गुंडाळली आणि नेली. न्यावीच लागणार होती. पाहुण्यांसमोर भिंत रिकामी ठेवायची कशी?

दुसरं गिऱ्हाईक म्हशीचं. म्हशीचा वाढदिवस होता. हसू नका, आमच्याकडे होतात. मालक माझ्या खुर्चीमागं उभा राहून प्रत्येक गोष्ट तपासत होता. शिंगाचा बाक बदलायचा नाही, कपाळावरचा पांढरा ठिपका तसाच हवा, पायाला लागलेलं शेणसुद्धा राहू दे म्हणाला. मी सवयीनं जरा उजळ केली तर केवढ्यानं ओरडला, "ताई, काळीच ठेवा! गोरी केली तर वळखंल कोण तिला?"

म्हणजे कळतं सगळ्यांना. म्हशीच्या बाबतीत बरोबर कळतं.

आता केरबामामा. ते आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, नातवाचे बारशाचे फोटो असतील. मुलानं, संदीपनं, नवीन मोबाइल घेतल्यावर जुना त्यांना दिला होता. त्या मोबाइलमधले फोटो त्यांना कागदावर छापून हवे होते. नेहमीच्या, हातात धरायच्या आकाराचे. मी उघडून बघायला लागले आणि माझा हात माऊसवरच राहिला.

लोखंडाच्या पेटीवर ठेवलेले चहाचे ग्लास, आणि ग्लासांवर काळ्या बोटांचे ठसे. शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून उन्हाची एक तिरीप, तिच्यात धूळ, आणि त्या धुळीत जांभई देणारा माणूस. डब्यांची रांग. कामगारांचे हात, फक्त हात, भाकरी मोडताना. शेडच्या मागे रंगाच्या रिकाम्या डब्यात क्रेनवाल्यानं लावलेली मिरची. भट्टीवरच्या एकाची कबुतरं, त्यानं सुट्टीच्या दिवशी माडीवर बोलावून दाखवलेली. रात्रपाळी करून थेट भजनाला गेलेला पेटीवाला, पेटीच्या पट्ट्यांवर काळे डाग पाडून बसलेला.

"मामा, हे कोणी काढले?"

"म्याच की. अजून कोण काढणार?"

"तुमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करून घेतात ना?"

"घेत्यात. दुसरा घेत्यात. ह्यो डब्यात असतोय, भाकरीच्या खाली."

मामा आता रिटायर झालेत म्हणून हे लिहिते, आणि त्यांना विचारून लिहिते. विचारण्याचा दंडक त्यांचाच. कुणाचाही फोटो छापायला आणला तर तो आधी त्या माणसाला दाखवलेला असायचा. नको म्हणाला तर तिथंच पुसून टाकायचे. मी एकदा मुद्दाम विचारलं, "एवढा छान आलाय, न सांगता छापला तर त्याला काय कळणार आहे?" तर म्हणाले, "त्याला न्हाय कळणार. मला कळंल की."

मोल्डरचं काम बाहेरच्यांना ठाऊक नसतं. थोडक्यात सांगते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा साचा लागतो, आणि तो वाळूचा करतात. बिनतळाच्या लोखंडी पेटीत नमुना ठेवायचा, वरून काळी वाळू ठासायची, मग नमुना अलगद काढून घ्यायचा. राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. पेटी उचलायला दोघं लागतात आणि दोघांचा श्वास एका वेळी लागतो. एकजण जरा आधी हलला की साचा ढासळतो. मामांचा जोडीदार दगडू. हे त्याचं खरं नाव नाही. तो अजून तिथंच आहे, ठेकेदाराकडे आहे, म्हणून नाव बदललंय. 'दगडू' त्यानंच निवडलं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. फौंड्रीत भट्टी बंद, शेड धुतलेली, मशीनना झेंडूच्या माळा. त्या एका दिवशी मोबाइल आत नेता येतो, बायकापोरं आत येतात, साहेब हात जोडून उभे राहतात आणि सगळे फोटो काढतात. शिरोलीच्या कुठल्याही कारखान्यातले कामाचे फोटो मागा, तुम्हाला हेच मिळतील. धुतलेलं मशीन, इस्त्रीचा शर्ट, कुंकू. ज्या दिवशी काम बंद, त्याच दिवशी कामाचा फोटो. यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. संघटनेतल्या लोकांनी 'यात मागणी काय आहे?' म्हणून ते बाजूला ठेवलं.

मामांचा निवृत्तीचा सत्कार त्या खंडेनवमीला, पूजेनंतर, फौंड्रीच्या आवारात ठरला होता. आदल्या दिवशी सकाळी संदीप दुकानात आला. पुण्यात चांगली नोकरी, बोलणं मऊ. मामांच्या मुलाला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं फोटो दिला, त्याच्याच लग्नातला.

"कोट घाला. मागे ऑफिससारखं काहीतरी द्या. आणि चेहरा थोडा उजळ."

मी म्हणाले, "मामांचे स्वतःचे कामावरचे फोटो आहेत. ते बघितलेत का तुम्ही?"

"बघितलेत." तो खुर्ची जवळ ओढून खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, शाळेत मला 'काळ्या वाळूचं पोरगं' म्हणायचे. पप्पा शाळेत आले की मी मुतारीत जाऊन थांबायचो. पप्पांना ते माहीत आहे. कधी बोलले नाहीत. उद्या बायकोच्या माहेरचे सगळे येणार आहेत. एक दिवस, फक्त एक दिवस, माझा बाप साहेबासारखा दिसू दे."

पत्रकात हा मुलगा मी दोन ओळींत निकालात काढला असता. समोर बसलेला मुलगा असा निकालात निघेना. मी मुंडकं काढलं, आण्णांचा कोट लावला, मागे काचेचं ऑफिस दिलं. संदीपनं बघितलं, डोळे जरा ओले झाले, आणि तो मंडपवाल्याकडे गेला.

दुपारी मामा आले. ते फ्लेक्ससाठी आलेच नव्हते. उद्या सत्काराला ज्या-त्या माणसाला त्याचा फोटो भेट द्यायचा, म्हणून छापायला टाकलेले फोटो न्यायला आले होते. स्क्रीनवर त्यांचाच फ्लेक्स उघडा होता. मामांनी चष्मा वर केला.

"ह्यो कोण गं?"

"तुम्हीच, मामा."

"मी व्हय? बरा हाय की. कुठल्या बँकेत हाय?"

आण्णा काउंटरवरनं हसले. "पावणं, मॅनेजर दिसतायसा की अगदी!"

"कोट कुणाचा?" मामांनी विचारलं.

"माझ्या लग्नातला," आण्णा अभिमानानं म्हणाले.

"मग मला कशाला घातलासा? माझं लगीन झालंय की."

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, डब्याच्या पिशवीतनं मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यापुढं धरला. तो मी आधी बघितला नव्हता.

मोबाइल बाटलीला टेकवून, आपोआप फोटो निघायची वेळ लावून, जमिनीलगत ठेवून काढलेला. मामा आणि दगडू पेटी उचलताना. दोघांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, दोघांची तोंडं काळी, डोळे एकमेकांच्या डोळ्यांत, कारण श्वास जुळवायचा आहे. मागे भट्टीचा नारिंगी उजेड. आणि खाली, फोटो जमिनीलगतचा असल्यामुळे सगळ्यात मोठे आलेले दगडूचे पाय. पायांत रबरी चप्पल. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

"ह्यो लाव," मामा म्हणाले. "उद्या त्यात मी दिसायला पायजे. तीस-पस्तीस वर्सं काय करत हुतो, ते गेटवर एकदा बघू दे लोकास्नी."

मी फोटो बघत होते, पण मला मामा दिसत नव्हते. मला चप्पल दिसत होती. आमची संघटना बुटांसाठी भांडत होती. रसाशेजारी काम करणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाला बूट द्या, एवढीच मागणी. आम्ही लिहायचो, ते म्हणायचे, दिलेत. आणि इथे पुरावा.

"मामा, हा मला द्या. पत्रकावर पहिल्या पानावर घालते. मथळा असा देते..."

"न्हाय."

"ऐका तर. तुमचं नाव नाही घालत. 'एक शोषित कामगार' एवढंच."

मामांनी मोबाइल मागं घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मोल्डर साचा ढासळल्यावर बघतो तसं.

"पोरी, संदीपनं मला सायब केला. तू मला बिच्चारा करायलीस. अगं, मी मोल्डर हाय की. त्येवढं लिवायला तुमास्नी काय जड जातंय?"

मी माऊस उगाच इकडेतिकडे हलवला. आण्णांनी ती संधी घेतली. "आमच्या वैशालीला गप केलासा, पावणं! च्या सांगा रं यांना."

चहा आला. मी हट्ट सोडला नव्हता. "बरं, पत्रक राहू दे. पण फ्लेक्सवर तर लावू. अख्खा लावू, चपलेसकट. गेटवर लागू दे."

मामा बशीत चहा ओतता ओतता थांबले. 'चपलेसकट' म्हटल्यावर त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं असावं.

"दगडूला इचारलं न्हाय मी."

"कापून टाकते त्याला. तुम्ही एकटे ठेवते."

"पेटी एकट्यानं उचलतंय व्हय कोण?"

त्यांनी तिथूनच दगडूला फोन लावला. मामा फोनवर लांबच्या गावाला हाक मारल्यासारखं बोलतात आणि पलीकडचाही तसाच, त्यामुळे सगळं दुकान ऐकत होतं.

"दगडू, तुझा माझा पेटीचा फोटो उद्या गेटवर लावू का?"

"लाव की मामा! कसा दिसतोय मी?"

"माकडावानी. पर तुझी चप्पल दिसतीया."

पलीकडे कुठेतरी टेम्पोचा हॉर्न.

"तार बांधल्याली दिसतीया?"

"व्हय."

"मग न्हाय, मामा. सायब बघंल, ठेकेदाराला झाडंल, ठेकेदार मला म्हणंल उद्यापास्नं येऊ नको. बूट न्हाय देणार, मला काढंल. तुमी कंबरंवरनं घ्या. कंबरंवरनं मी लई देखणा हाय."

मी टेबलावरून वाकून ओरडले, "अरे दगडू, चप्पल हाच तर मुद्दा आहे! तीच लपवलीस तर भांडायचं कशावर?"

"ताई, मुद्दा तुमचा हाय. चप्पल माझी हाय."

मामांनी फोन ठेवला. "झालं. कंबरंवरनं घे."

मी घेतला. जिवावर येऊन घेतला. माझ्या हातानं पुरावा कापला, असंच मला वाटलं आणि आजही वाटतं. पण कापल्यावर राहिलेला फोटो मी प्रामाणिकपणे सांगते, वाईट नव्हता. दोन काळी तोंडं, दोन ताणलेल्या माना, चार हात, मधे पेटी. खाली मी लिहिलं, 'केरबा चौगुले, मोल्डर.' मामांनी वाचलं. "दगडूचं बी घाल. 'आन् जोडीदार' म्हण. नाव नको." मी घातलं. मामांनी स्क्रीनचाच एक फोटो मोबाइलवर काढला, छापलेले फोटो पिशवीत घातले आणि कोडोलीची एसटी गाठायला गेले.

अन्याय झाला तो यानंतर, दुसरा चहा यायच्या आत.

आण्णांनी संदीपला फोन करून सांगितलं, वडिलांनी फोटो बदललाय. संदीप म्हणाला, पाच मिनिटांत फोन करतो. त्यानं वडिलांना फोन केला असणार, एसटीत फोन लागला नसणार, किंवा लागला असेल आणि त्याला बोलता आलं नसेल. मला माहीत नाही. पाच मिनिटांनी आण्णांचा फोन वाजला. "जुनाच काढा. पप्पांना मी सांगतो."

"आण्णा, माणूस आत्ता इथं बसून सांगून गेला," मी म्हणाले.

"गेला. पर आर्डर कुणाची? पोराची."

"फोटो कुणाचा?"

"वैशाली, फोटोतला माणूस येगळा आन् गिऱ्हाईक येगळं. फोटोतल्या माणसाचं ऐकत बसलो तर उद्या भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सवरची पंधरा मुंडकी हितं रांगंला लागतील. शुभेच्छुक म्हणून छापल्यात, कुणाला इचारलंय त्यातल्या?"

कुणालाच विचारलेलं नसतं, हे खरं आहे. ज्याचा फोटो, त्याला न विचारणं ही आमच्या धंद्यातली चूक नाही, तो आमचा धंदाच आहे. मशीन सुरू झालं. आधी काचेचं ऑफिस आलं, मग केस, कपाळ, उजळलेले गाल, मग डावी दुमडलेली कॉलर. मी उभी राहून बघितलं. नोकरी सोडली का? नाही सोडली. घरभाडं द्यायचं असतं. दुसरी फाइल, पेटी उचलतानाच्या फोटोची, मी दुकानातल्या फोटोच्या मशीनवर मोठ्या आकारात काढली आणि आण्णांना सांगितलं, याचे पैसे माझ्या पगारातनं कापा. आण्णा म्हणाले, "गप बस." कापले नाहीत.

खंडेनवमीला मी फौंड्रीत गेले. गेटवर कोट झळकत होता. आत झेंडू, धूप, धुतलेली शेड. बायका-पोरं फ्लेक्सखाली फोटो काढत होती. संदीपच्या सासरचे एक गृहस्थ शेजारच्याला विचारत होते, "हे कोण, मालक का?" आणि ज्यांचा सत्कार तो माणूस त्यांच्या मागेच पांढऱ्या टोपीत उभा होता.

मामांनी फ्लेक्स बघितला तेव्हा मी जवळच होते. त्यांनी आधी संदीपकडं बघितलं. संदीप मान खाली घालून बुटानं जमीन उकरत होता, मुतारीत लपणाऱ्या पोराचं वय परत आल्यासारखा. मामा त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "चांगला हाय. लई चांगला हाय, बाळा." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मला राग आला. मला अजून आहे. बापानं माफ केलं म्हणून झालेली गोष्ट न झालेली होत नाही. शाल, नारळ, साहेबांचं भाषण झालं. साहेब 'आमचे केरबा' म्हणाले आणि आडनाव चिठ्ठीत बघून वाचलं. मग मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी पिशवी उघडली आणि एकेकाला नावानं हाक मारून त्याचा फोटो हातात दिला. क्रेनवाल्याला मिरचीचा. भट्टीवाल्याला कबुतरांचा. भजनातल्या पेटीवाल्याला पेटीचा. भाकरी मोडणाऱ्या हातांचा फोटो निघाला तेव्हा चारजण हसत पुढं आले, 'ह्यो हात माझा' म्हणून भांडायला लागले, आणि एकाच्या बायकोनं गर्दीतनं हात पुढं करून बरोबर हात ओळखला. साहेब बघत राहिले. हे फोटो कुठल्या दिवशीचे, हे विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा त्या दिवशी विचारणं बरं दिसलं नसतं.

शेवटी मी माझ्या पिशवीतला मोठा फोटो मामांना दिला. त्यांनी तो बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि दगडूला हाक मारून त्याला देऊन टाकला. "माझं तोंड मला ठाऊक हाय," म्हणाले. "ह्याला लावू दे घरात." दगडूनं फोटो डोक्यावर धरून सगळीकडं फिरवला. पायांत त्या दिवशी नवीन चप्पल होती, सणाची. बूट नव्हते. आजही नाहीत. हा लेख लिहिताना मी त्याला विचारलं, चपलेचं लिहू का? तो म्हणाला, "लिवा की. वाचतंय कोण?" फोटो मात्र अजून देत नाही. मी दर महिन्याला मागते. तो दर महिन्याला नाही म्हणतो. बुटांचं पत्रक आम्ही चौथ्यांदा काढलं, फोटोशिवाय.

पावसाळ्याच्या तोंडावर मामांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांच्या कोडोलीच्या गोठ्याचा. फ्लेक्स सत्कारानंतर घरी आणला होता आणि आता गोठ्याच्या गळक्या बाजूला बांधला होता, कारण फ्लेक्स पाण्याला दाद देत नाही. काचेचं ऑफिस, काळा कोट, उजळ चेहरा, आणि त्याच्या गळ्याशी अंग घासत उभी असलेली म्हैस, आहे तशी काळी. खाली मामांनी लिहिलं होतं, 'सायब कामाला लागलं.'

आण्णा तो फोटो बघून डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. "माझा कोट गोठ्यात बी चालला!" दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. संदीपही हसला म्हणे. मी हसत नाही. कारण काल मी सकाळपासून मुंडकीच काढत होते, आणि दिवाळीची गर्दी असल्यामुळे कुणालाच वेळ नव्हता, आणि एकाही फोटोतला माणूस काउंटरवर नव्हता.

तेव्हा तुम्हाला सांगते. तुम्ही आमचं गिऱ्हाईक आहात, आज नसाल तर उद्या व्हाल. वडिलांची साठी, भावाची निवृत्ती, आईचा सत्कार, काही ना काही निघेलच. मोबाइलवर फोटो पाठवून 'कोट घाला' म्हणू नका. ज्याचा फ्लेक्स आहे त्याला बरोबर घेऊन या. दुकानात माझ्या शेजारी एक जादा खुर्ची आहे, मामा बसले होते तीच. त्याला त्या खुर्चीवर बसवा, आणि कुठला फोटो लावायचा ते त्याला बोलू द्या. तो कोटच मागेल, तर कोट घालीन. पण मागू दे त्याला. तुम्ही मधे बोलू नका.